दुर्बिणीच्या उपसाधनांचा सुरक्षित वीजपुरवठा

दुर्बिणीच्या उपसाधनांचा वीजपुरवठा म्हणजे हौशी खगोलनिरीक्षणात वापरली जाणारी चलित बैठक, कॅमेरा, दवरोधक पट्टा, छोटा संगणक इत्यादी साधनांना योग्य विद्युतदाबाची आणि पुरेशी वीज रात्रभर सुरक्षितपणे पुरवण्याची व्यवस्था होय. यांपैकी बहुतेक साधने १२ व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालतात. निरीक्षण मात्र उघड्यावर, अंधारात आणि बहुधा दवाने भिजलेल्या जमिनीवर होते. अशा ठिकाणी घरगुती २३० व्होल्ट वीज जीवघेणी ठरू शकते. १२ व्होल्टच्या बॅटरीचा सामान्यतः धक्का बसत नाही, म्हणून ती निर्धोक समजली जाते. हा समज अपुरा आहे. मोटारीत वापरतात तसली बॅटरी शॉर्टसर्किटमध्ये शेकडो अँपिअर प्रवाह देऊ शकते आणि तार लाल होऊन आग लागण्यास तेवढा पुरेसा असतो.

पार्श्वभूमी

दुर्बीण हे मूलतः विजेची गरज नसलेले साधन आहे. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश ताशी सुमारे १५ अंशांनी सरकताना दिसते. त्यामुळे दुर्बिणीत धरलेला तारा थोड्याच वेळात दृष्टिक्षेत्राबाहेर जातो. त्याचा पाठलाग करण्यासाठी जोसेफ फॉन फ्राउनहोफर यांनी दोर्पात (आजचे एस्टोनियातील तार्तू) येथील वेधशाळेसाठी बनवलेल्या दुर्बिणीला घड्याळी यंत्रणा जोडली होती. १८२४ मध्ये उभारलेल्या या दुर्बिणीची यंत्रणा खाली उतरणाऱ्या वजनावर चालत असे.

विसाव्या शतकात वजनांची जागा विद्युत चलित्रांनी घेतली. प्रारंभीच्या अनेक हौशी दुर्बिणींत घरगुती प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणारी समकालिक चलित्रे असत. त्यांची गती विजेच्या वारंवारतेवर ठरत असल्यामुळे गावाबाहेर निरीक्षण करताना मोटारीच्या बॅटरीपासून प्रत्यावर्ती प्रवाह तयार करणारे इन्व्हर्टर न्यावे लागत. पुढे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची एकदिश व पावली चलित्रे आली. मोटारीची बॅटरी सर्वत्र मिळत असल्याने १२ व्होल्ट हा विद्युतदाब या क्षेत्रात रूढ झाला.

छायाचित्रणातही असाच बदल झाला. यांत्रिक झडपेच्या फिल्म कॅमेऱ्याला दीर्घ प्रकाशनासाठी वीज लागत नसे. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या प्रकाशसंवेदी साधनाची कल्पना मांडली. त्यानंतर विकसित झालेल्या अंकीय कॅमेऱ्यांना मात्र प्रकाशनाच्या पूर्ण काळात अखंड वीज लागते. परिणामी आजच्या खगोलछायाचित्रकाला दुर्बिणीइतकाच विजेचाही विचार करावा लागतो.

वीज लागणारी साधने

चलित बैठक : बहुतेक बैठकींना १२ व्होल्ट लागतात. ताऱ्याचा संथ पाठलाग करताना प्रवाह कमी असतो, पण एका वस्तूकडून दुसरीकडे वेगाने वळताना तो काही पटींनी वाढतो.

थंड केलेला कॅमेरा : यात पेल्टिए परिणामावर चालणारा शीतक असतो. तापमान उतरवले की संवेदकातील अंधारप्रवाह घटतो आणि चित्रातील दोष कमी होतात. शीतक पूर्ण क्षमतेने चालताना सुमारे २ ते ३ अँपिअर प्रवाह लागू शकतो.

दवरोधक पट्टा : दुर्बिणीची काच आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे उत्सर्जित करते. तिचे तापमान दवबिंदूखाली गेले की तिच्यावर दव जमते. काचेभोवती गुंडाळलेला पट्टा तिला किंचित उबदार ठेवतो. तो प्रत्यक्ष उष्णता निर्माण करत असल्याने एकूण खर्चातील मोठा वाटा बहुधा त्याचा असतो.

मार्गदर्शक कॅमेरा, केंद्रीकरण चलित्र व छोटा संगणक : मार्गदर्शक कॅमेऱ्यासारखी साधने बहुधा यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालतात. यूएसबी २.० प्रमाणानुसार एका जोडणीतून ०.५ अँपिअर, तर यूएसबी ३.० मधून ०.९ अँपिअर प्रवाह मिळतो. एकाच जोडणीवर अनेक साधने लावल्यास हा प्रवाह अपुरा पडतो. अशा वेळी स्वतंत्र वीजपुरवठा असलेला यूएसबी विभाजक वापरावा लागतो.

विद्युतदाब आणि प्रवाह

वीजस्रोत निवडताना दोन आकड्यांचे अर्थ भिन्न आहेत, हे लक्षात घ्यावे लागते. स्रोताचा विद्युतदाब साधनाला हवा असलेल्या दाबाशी जुळलाच पाहिजे. प्रवाहाचे तसे नाही. स्रोतावर लिहिलेले अँपिअर ही त्याची कमाल क्षमता असते आणि साधन त्यातून गरजेपुरताच प्रवाह घेते. म्हणून २ अँपिअर लागणाऱ्या बैठकीला ५ अँपिअरचा १२ व्होल्ट पुरवठा जोडल्याने अपाय होत नाही. त्याच बैठकीला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा पुरवठा जोडल्यास मात्र तिचे परिपथ जळू शकतात.

‘१२ व्होल्ट’ हा आकडाही नाममात्र असतो. पूर्ण भरलेली शिसे-आम्ल बॅटरी विश्रांत स्थितीत सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते. निम्मी रिकामी झाल्यावर तो आकडा सुमारे १२.२ वर येतो. मोटारीचे इंजिन चालू असताना तिच्या विद्युतव्यवस्थेत सुमारे १३.८ ते १४.४ व्होल्ट असतात, तर इंजिन सुरू करण्याच्या क्षणी दाब एकदम घसरतो. यामुळे साधने जोडलेली असताना मोटार सुरू करू नये. साधन किती कमाल दाब सोसू शकते, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहणे आवश्यक असते.

दाब कमी पडला तर साधन बहुधा जळत नाही, परंतु त्याचे वर्तन बिघडते. बैठक वेगाने वळताना मध्येच थांबते, दिशेची नोंद गमावते, कॅमेऱ्याचा संगणकाशी संपर्क तुटतो. असे दोष यंत्रातील बिघाड समजून दुरुस्तीला नेण्यापूर्वी, साधन चालू असताना त्याच्या टोकाशी प्रत्यक्ष किती व्होल्ट पोहोचतात, हे मल्टिमीटरने मोजणे इष्ट असते.

वीजस्रोत

शिसे-आम्ल बॅटरी

या बॅटरीत प्रत्येकी सुमारे २ व्होल्टचे सहा घट असतात. ती स्वस्त व सहज उपलब्ध आहे. ती वारंवार निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते. तिच्यावर लिहिलेली क्षमता बहुधा २० तासांच्या संथ वापरासाठी असते. ७ अँपिअर-तासांची बॅटरी ०.३५ अँपिअर प्रवाह २० तास देते. मात्र तिच्यातून ७ अँपिअर घेतल्यास ती एक तासाच्या बरीच आधी संपते. भारित होताना अशा बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडू शकतो. त्यामुळे भारण हवेशीर जागी आणि ठिणगीपासून दूर करावे लागते. वाहतुकीत आम्ल सांडू नये म्हणून मोहोरबंद प्रकार अधिक सोयीचा ठरतो.

लिथियम बॅटरी

लिथियम लोह फॉस्फेट प्रकारात ३.२ व्होल्टचे चार घट एकसरीत जोडून १२.८ व्होल्ट मिळतात. ती वजनाला हलकी असते आणि जवळजवळ संपेपर्यंत दाब स्थिर ठेवते. इतर लिथियम-आयन घटांपेक्षा ती उष्णतेने अनियंत्रित पेट घेण्याची शक्यता कमी असते. तरीही अतिभारण, अतिविसर्जन आणि शॉर्टसर्किट यांपासून बचाव करणारा नियंत्रक परिपथ तिच्यात असणे अनिवार्य मानले जाते. शून्य अंश सेल्सिअसखाली ती भारित करू नये. फुगलेली, चेपलेली किंवा पाणी शिरलेली कोणतीही लिथियम बॅटरी वापरातून काढून टाकावी.

मोबाइलसाठीच्या पॉवर बँका ५ व्होल्टच्या साधनांना उपयोगी पडतात. प्रवाह फार कमी असल्यास काही पॉवर बँका आपोआप बंद होतात, याचा अनुभव घरीच घेऊन पाहावा. यूएसबी पॉवर डिलिव्हरी पद्धतीत ५, ९, १५ व २० व्होल्ट हे नेहमीचे टप्पे आहेत. १२ व्होल्ट प्रत्येक पॉवर बँकेत मिळेलच असे नाही. त्यामुळे १२ व्होल्टच्या साधनासाठी ती गृहीत धरता येत नाही.

जोडणी

ध्रुवीयता आणि टोपण

बैठकी व कॅमेऱ्यांसाठी ५.५ मिलिमीटर बाह्य व्यासाची गोल पिन सर्वाधिक प्रचलित आहे. तिचे आतील छिद्र २.१ किंवा २.५ मिलिमीटरचे असते. २.५ मिलिमीटरची पिन २.१ मिलिमीटर खुंटीवर बसते खरी, पण सैल राहते. तार किंचित हलली की वीज तुटते आणि प्रकाशन वाया जाते. बहुतेक साधनांत मधला भाग धन व बाहेरचा ऋण असतो, पण हा सार्वत्रिक नियम नाही. साधनावरील वर्तुळाकृती चिन्ह पाहून खात्री करावी लागते. अनेक लॅपटॉपच्या १९ व्होल्ट पुरवठ्यालाही याच आकाराची पिन असल्याने ‘बसते म्हणजे चालते’ हा निष्कर्ष घातक ठरतो. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना विद्युतदाब लिहिलेली चिठ्ठी लावणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे. अंधारात ती चिठ्ठी वाचण्यापेक्षा सर्व जोडण्या उजेड असतानाच पूर्ण करणे श्रेयस्कर.

मोटारीतील सिगारेट लायटरचे टोपण स्प्रिंगच्या जोरावर टिकून असल्यामुळे धक्क्याने निसटते. अधिक प्रवाहासाठी घट्ट बसणारी किंवा आट्यांनी आवळता येणारी टोपणे पसंत केली जातात.

तारेची जाडी

तारेच्या रोधामुळे विद्युतदाबाचा काही भाग वाटेतच खर्च होतो. हिशेब करताना जाण्याची व येण्याची अशा दोन्ही तारांची लांबी धरावी लागते. ०.७५ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०२३ ओहम असतो. बॅटरी ३ मीटरवर असेल, तर एकूण ६ मीटर तारेचा रोध सुमारे ०.१४ ओहम होतो. ५ अँपिअर प्रवाहाला त्यात जवळपास ०.७ व्होल्ट घट होते. म्हणजे बॅटरीवर १२.२ व्होल्ट असताना बैठकीला ११.५ व्होल्टच मिळतात. १.५ चौरस मिलिमीटरची तार वापरल्यास ही घट निम्मी होते.

फ्यूज

फ्यूज साधनाच्या रक्षणासाठी असतो, असे अनेकांना वाटते. त्याचे पहिले काम तारेचे रक्षण करणे हे आहे. दाराच्या फटीत, तिपाईच्या पायाखाली किंवा उंदराच्या दाताने तारेचे आवरण तुटले आणि दोन्ही वाहक एकत्र आले, तर बॅटरीचा संपूर्ण प्रवाह त्या तारेतून धावतो. बॅटरीचा अंतर्गत रोध ओहमच्या काही शतांश भागांइतकाच असल्याने हा प्रवाह प्रचंड असतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून काही क्षणांतच आवरण वितळून पेट घेते.

हे टाळण्यासाठी फ्यूज बॅटरीच्या धन अग्राच्या शक्य तितका जवळ बसवतात. दुर्बिणीजवळ बसवलेला फ्यूज बॅटरी ते फ्यूज या अंतरातील तारेचे रक्षण करत नाही. फ्यूजचे मूल्य नेहमीच्या प्रवाहाहून थोडे अधिक आणि तारेच्या सुरक्षित मर्यादेहून कमी असावे. अनेक साधने एका बॅटरीवर असल्यास मुख्य फ्यूजखेरीज प्रत्येक शाखेला वेगळा लहान फ्यूज देतात. त्यामुळे एका पट्ट्यात दोष आला तरी कॅमेरा चालू राहतो. जळालेल्या फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा किंवा चांदीचा कागद लावणे म्हणजे संरक्षणच काढून टाकणे होय.

बॅटरीच्या अग्रांजवळ काम करताना अंगठी, कडे व धातूचे घड्याळ काढून ठेवावे. दोन अग्रांना एकाच वेळी टेकलेला पाना क्षणात तापतो आणि गंभीर भाजू शकते.

सामायिक ऋण तार

कॅमेरा, बैठक व संगणक यूएसबी तारांनी जोडले की त्यांच्या ऋण बाजू आपोआप एकमेकींना जोडल्या जातात. अशा वेळी कॅमेऱ्याच्या किंवा बैठकीच्या वीजतारेतील ऋण वाहक सैल झाला, तर परतीचा प्रवाह यूएसबीच्या बारीक वाहकातून वाट काढतो. त्यातून यूएसबी जोडणी जळू शकते. म्हणून ऋण टोकांची घट्ट जोडणी धन टोकांइतकीच महत्त्वाची आहे. सर्व तारा वीज बंद असताना जोडाव्यात आणि त्यानंतरच मुख्य कळ सुरू करावी.

छायाचित्रण कॅमेऱ्याचा पुरवठा

सामान्य डीएसएलआर कॅमेऱ्यातील लिथियम-आयन बॅटरीत बहुधा दोन घट असतात. तिचा नाममात्र दाब ७.२ ते ७.४ व्होल्ट आणि पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट असतो. थंडीत तिची उपलब्ध क्षमता घटते. त्यामुळे रात्रभराच्या चित्रणासाठी बॅटरीच्या आकाराचा पोकळ ठोकळा, म्हणजेच डमी बॅटरी, कॅमेऱ्यात बसवून बाहेरून वीज देतात. या ठोकळ्याला १२ व्होल्ट थेट जोडल्यास कॅमेरा निकामी होण्याची शक्यता असते. मध्ये विद्युतदाब उतरवणारा परिवर्तक आवश्यक असतो.

फिरत्या स्क्रूने दाब बदलता येणाऱ्या परिवर्तकाबाबत विशेष दक्षता घेतात. तो कॅमेऱ्याला जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने मोजून योग्य दाबावर आणतात आणि मग स्क्रू हलणार नाही अशी व्यवस्था करतात. नवख्या व्यक्तीने ठरावीक दाबाचा, त्या कॅमेऱ्यासाठीच बनवलेला परिवर्तक घेणे अधिक सुरक्षित असते. आरशाविरहित काही कॅमेरे चालू स्थितीत यूएसबी-सीमधून वीज घेतात, तर काहींची बॅटरी कॅमेरा बंद असतानाच भरली जाते. याचा उलगडा माहितीपुस्तिकेतून होतो.

दव आणि घरगुती वीज

घरातील विद्युत पुरवठा यंत्रे, म्हणजे ॲडॉप्टर, बहुधा कोरड्या जागेसाठीच बनवलेली असतात. दव हे पावसासारखे दिसत नाही, पण पहाटेपर्यंत गवत, तिपाई, तारा आणि ॲडॉप्टरचे कवच त्याने निथळू लागते. अनवाणी किंवा ओल्या पावलांनी उभ्या असलेल्या माणसाचा अशा वेळी २३० व्होल्टशी संपर्क आला, तर शरीरातून प्राणघातक प्रवाह जाऊ शकतो.

यासाठी २३० व्होल्ट वीज घरात किंवा कोरड्या आडोशाला ठेवून दुर्बिणीपर्यंत फक्त १२ व्होल्टची जाड तार नेणे हे प्रमुख तत्त्व मानले जाते. अंतर जास्त असल्यास बॅटरी वापरणे अधिक श्रेयस्कर. विस्तारक तार वापरावीच लागली तर ती बाहेरच्या वापरासाठी बनवलेली असावी. तिचे टोक जमिनीपासून उंच व झाकलेले असावे. पुरवठ्याच्या मुळाशी ३० मिलिअँपिअर गळतीवर तुटणारा आरसीसीबी आणि खात्रीचे अर्थिंग असावे. ॲडॉप्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नये, कारण त्याची उष्णता आत कोंडते आणि ओलही अडकते. विजा चमकू लागल्यास निरीक्षण थांबवून सर्व जोडण्या काढाव्यात.

क्षमतेचा हिशेब

बॅटरी किती मोठी हवी, हे प्रत्येक साधनाचा सरासरी प्रवाह व वापराचे तास यांवरून ठरते. उदाहरणार्थ, बैठकीला १, थंड कॅमेऱ्याला २, दवरोधक पट्ट्यांना १.५ आणि संगणक व इतर साधनांना मिळून १ अँपिअर लागत असेल, तर एकूण प्रवाह ५.५ अँपिअर होतो. आठ तासांसाठी ४४ अँपिअर-तास लागतात. शिसे-आम्ल बॅटरीचा निम्माच वापर करायचा झाल्यास किमान ८८, म्हणजे व्यवहारात १०० अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी लागते. तिचे वजन ३० किलोग्रॅमच्या आसपास असते. लिथियम लोह फॉस्फेट बॅटरीची ८० टक्के क्षमता वापरल्यास ५५ अँपिअर-तास पुरतात. केवळ डोळ्यांनी निरीक्षण करणाऱ्याला मात्र याच्या काही अंशच क्षमता पुरते.

हा हिशेब कागदावर झाल्यानंतर संपूर्ण मांडणी एकदा घराच्या अंगणात रात्रभर चालवून पाहणे उपयुक्त असते. अंगणातली चूक घरात जाऊन सुधारता येते, परंतु डोंगरावर तीच चूक संपूर्ण रात्र वाया घालवते.

महाराष्ट्रातील निरीक्षण

पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ मध्ये स्थापन झाली. तेव्हापासून राज्यात हौशी निरीक्षणाची परंपरा वाढत आली आहे. पावसाळ्यामुळे येथील निरीक्षणाचा मुख्य हंगाम साधारणपणे ऑक्टोबर ते मे असतो. त्यातही हिवाळ्यातील निरभ्र व शांत रात्री सर्वोत्तम असतात आणि दवही त्याच रात्री सर्वाधिक पडते. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय अंधार-आकाश उद्यानाचा दर्जा मिळालेल्या पेंच व्याघ्र प्रकल्पासारखी चांगली काळोखी ठिकाणे शहरांपासून दूर आहेत.

ग्रामीण भागातील शेतघरावर वीज उपलब्ध असली तरी तिचा दाब कमी-जास्त होणे, भारनियमन आणि अर्थिंगची अनिश्चितता या अडचणी संभवतात. शेतपंपाच्या पेटीतून थेट तार ओढून घेणे अत्यंत धोकादायक आहे. अशा ठिकाणी घरून भरून नेलेली, फ्यूज लावलेली आणि झाकणाच्या पेटीत बसवलेली बॅटरी हाच विश्वसनीय पर्याय ठरतो. शालेय गटांच्या आकाशदर्शनात मुले अंधारात इकडे तिकडे फिरतात. म्हणून बॅटरी तिपाईच्या मधोमध ठेवणे, तारा पायाला बांधून घेणे आणि वाटेवर कोणतीही तार आडवी न टाकणे आवश्यक असते.

विमानप्रवास

ग्रहण किंवा दूरच्या काळोख्या प्रदेशासाठी विमानाने जाताना सुट्या लिथियम बॅटऱ्या सोबतच्या सामानातच न्याव्या लागतात. त्या मालकक्षात देता येत नाहीत. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्या सामान्यतः चालतात. १०० ते १६० वॅट-तासांच्या बॅटरीसाठी विमान कंपनीची परवानगी लागते. वॅट-तास काढण्यासाठी व्होल्ट व अँपिअर-तास यांचा गुणाकार करतात. १२.८ व्होल्ट व ७ अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे ९० वॅट-तासांची होते. बॅटरीची अग्रे चिकटपट्टीने झाकून प्रत्येक बॅटरी वेगळी बांधतात.

हे सुद्धा पहा

दुर्बीण
खगोलछायाचित्रण
बॅटरी
फ्यूज
दवबिंदू